लिओनार्डचा खडू

आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या वरच्या काळ्या पट्टीवर खडूने काढलेला बोटभर क्रूस दिसतो. खाली तारीख. विम्याचा माणूस गाडी तपासायला आला तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही ख्रिश्चन का?" मी म्हटलं, "मी नाही, माझा मेकॅनिक." त्याला काही कळलं नाही आणि मला समजावत बसायला वेळ नव्हता. आता सांगते.

लिओनार्ड मिस्किटाचं गॅरेज माजिवड्याच्या जुन्या गावठाणात आहे. उड्डाणपुलाच्या आवाजातून बाहेर पडून दोन वळणं घेतली की एक पत्र्याची शेड, तिच्या मागे कौलारू घर, आणि चारही बाजूंनी तीस-तीस मजले. त्या मजल्यांच्या जागी त्याच्या बापाची भाताची खाचरं होती. थोडी रस्त्यात गेली, थोडी काकांच्या सह्यांत गेली, उरलेल्या चार गुंठ्यांत लिओनार्डने एक्क्याऐंशी साली शेड टाकली. त्याआधी ठाणे स्टेशनजवळच्या एका गॅरेजात नऊ वर्षं हात काळे केले. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं इंजिनाने शिकवलं, असं तो म्हणतो, आणि इंजिन फार मारकुटा मास्तर आहे, असंही म्हणतो.

माझी त्याची ओळख एकोणनव्वदची. माझ्या यजमानांची फियाट त्याने दुरुस्त केली आणि परत द्यायला नकार दिला. "रोज कोण कोण बसतं हिच्यात?" मी म्हटलं, आम्ही दोघं, सासूबाई आणि माझे तपासायचे पेपर. "मग सगल्यांना आणा. पेपर पण." मी तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि मला असल्या नाटकांना वेळ नव्हता. पण सासूबाईंना फिरायला मिळणार होतं, म्हणून आणलं. लिओनार्ड आम्हाला घेऊन घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ चढला, एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभा राहिला, आणि मग शर्टच्या खिशातून खडू काढून क्रूस मारला. "आता न्या."

हीच त्याची पद्धत. मालक रोज जेवढं ओझं वाहतो तेवढं भरून, मालकाच्याच रस्त्यावर गाडी चालवून बघायची. एका भाजीवाल्याला त्याने टेम्पोत सहाशे किलो कांदे भरून आणायला लावले होते. कल्याणच्या एका कुटुंबाला सातही माणसं घेऊन बोलावलं, त्यातल्या सुनेला सातवा महिना होता. तिला मात्र घरात बसवून तिच्या वजनाची वाळू सीटवर ठेवली. "रिकामी गाडी सगल्यांचीच चांगली असते, प्रोफेसर बाय," तो म्हणतो. मला तो पस्तीस वर्षं प्रोफेसर बायच म्हणतो. मी प्रोफेसर कधीच नव्हते, लेक्चरर म्हणून निवृत्त झाले. पण त्याला ते सांगून उपयोग नाही.

आता माझ्या गाडीचं. दोन हजार एकवीसमध्ये मी छोटी एसयूव्ही घेतली. एसयूव्ही म्हटल्यावर लोक डोळे मोठे करतात. मी ती सीट उंच आहे म्हणून घेतली. खाली वाकून मोटारीत शिरणं माझ्या गुडघ्यांना जमत नाही. एक लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो, हाताचे गिअर. दर मंगळवारी आम्ही चौघं डोंबिवलीहून माजिवड्याला एका फिजिओथेरपीच्या बाईकडे जातो: मी, माझी धाकटी बहीण मंदाकिनी, तिचा नवरा महिपत, आणि आमच्या मजल्यावरची शेवंती. मागे मंदाकिनीची घडीची व्हीलचेअर. चौघांचं वय एकत्र केलं तर तीनशेच्या वर जातं. सव्वीस किलोमीटर, पावणेदोन तास. शीळ रोडवर मेट्रोचे खांब, शीळफाट्याला कंटेनर, पुढे मुंब्रा बायपासचा चढ.

त्या चढावर आमची गाडी धापा टाकते. एसी चालू असला तर जास्तच. दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, इंजिन ओरडतं, मागचा ट्रक हॉर्न मारतो, आणि मंदाकिनी दर मंगळवारी न चुकता विचारते, "बंद पडली का गं?"

एका मंगळवारी मी ही तक्रार लिओनार्डकडे केली. तो म्हणाला, गाडीत काही दोष नाही, गाडीच एवढी आहे. तेव्हा त्याचा मुलगा गॅविन मागून पुढे आला. गॅविन एकतीस वर्षांचा, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला, दाढी कोरलेली.

"आंटी, दोष नाही पण कंपनीने हिचा गळा दाबून ठेवलाय. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये जे लिहिलेलं असतं ना, ते मी लॅपटॉपवरून बदलतो. रीमॅप बोलतात त्याला. वीस टक्के ताकद वाढते. चढावर तिसऱ्यावर जाईल, गॅरंटीने."

"आणि वेळ किती वाचेल?"

"आरामात वीस मिनिटं."

"थापा मारू नकोस. सव्वीस किलोमीटरला पावणेदोन तास, म्हणजे ताशी पंधरा. सायकलवाला पुढे जातो. तिथे ताकद वीस टक्के वाढली काय आणि शंभर टक्के वाढली काय?"

गॅविन हसला. "ओके आंटी, वेळ नाही वाचणार. पण चढ?"

चढाचं मात्र मला पटलं. खरं सांगायचं तर मला वेळ वाचवायचा नव्हताच. शहात्तराव्या वर्षी वाचवलेल्या वीस मिनिटांचं मी काय करणार होते? मला फक्त त्या चढावर मागच्याने हॉर्न मारायला नको होता.

पण गॅविन हे काम बापाच्या शेडमध्ये करू शकत नव्हता. तीन-चार गाड्या त्याने मित्राच्या पार्किंगमध्ये केल्या होत्या, रविवारी पहाटे रिकाम्या हायवेवर एकट्याने पळवून बघितल्या होत्या. त्यांच्यावर क्रूस नव्हता, आणि गावठाणात सगळ्यांना ते माहीत होतं. तुर्भ्याच्या एका ट्यूनिंगवाल्याने त्याला नोकरी देऊ केली होती. बापाने आठ महिने ना हो म्हटलं होतं ना नाही. लिओनार्डची बायको मॅग्डलीन मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "पोरगा तुर्भ्याला गेला ना बाय, तर शेड दोन म्हयन्यांत बंद. ह्याच्याकडून आता एकट्यानं जॅकपण चढत नाय. पण बोलणार कोण?"

मी बाहेर आले आणि बोलले. "लिओनार्ड, माझी गाडी गॅविनला करू दे. तू बसून बघ, आणि एकदाचं काय ते सांग."

लिओनार्डने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. अशा वेळी तो फार सावकाश होतो. मग माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाला, "एक गाडी कर. प्रोफेसर बायची. आधी मी बसून बघतो, नंतर बसून बघतो. मना पटली तर तुझ्या कामावर माझा क्रूस, आज, उद्या, कायमचा. नाय पटली तर तू तुर्भ्याला जा. मी अडवणार नाय."

"पटेल," गॅविन म्हणाला.

गाडीत बाप आणि मुलगा बसणार म्हणजे आमच्यातले दोघं उतरणार. महिपत आणि शेवंती मॅग्डलीनकडे थांबायचं ठरलं. पण ओझं तेवढंच हवं. शेडच्या कोपऱ्यात भात मोजायचा बापाच्या वेळचा लोखंडी काटा आहे, त्याच्यावर लिओनार्डने एकेकाला उभं केलं. महिपत चोपन्न किलो. शेवंती तयार होईना.

"मी काय कांद्याचं पोतं आहे?"

"पोतं एवढं बोलत नाय, शेवंतीबाय. चढा."

"चपला काढू?"

"चपला रोज असतात ना पायात? पर्स पण धरा, ती पण रोज असते."

ब्याऐंशी. महिपत म्हणाला, "पर्समध्ये काय वीट आहे?" त्यावर पुढचे दोन मंगळवार ती त्याच्याशी बोलली नाही. बाप-लेक मिळून चार किलो कमी भरले, म्हणून डिकीत एक जॅक टाकला आणि आम्ही निघालो.

पहिली फेरी काही सांगण्यासारखी नव्हती. एप्रिलचं भरदुपारचं ऊन, एसी चालू, मी चालवत होते, शेजारी लिओनार्ड, मागे मंदाकिनी आणि गॅविन. बायपासच्या चढावर दुसरा गिअर, इंजिनाचा आरडाओरडा, मागून हॉर्न, "बंद पडली का गं?" लिओनार्डने वहीत काहीतरी लिहिलं. शीळफाट्याला वळून परत. सगळी मिळून एक तास पन्नास मिनिटं, त्यातला चढ दोन्ही बाजूंचा धरून नऊ मिनिटांचा. म्हणजे ज्या ताकदीसाठी अठ्ठावीस हजार रुपये घालायचे ती शंभर मिनिटं नुसती बसून राहणार होती. हे मला परत येतानाच दिसलं होतं. तरी मी गाडी गॅविनकडे ठेवली. शहाणपण असलं की ते वापरलंच पाहिजे असं कुठे आहे?

पुढच्या मंगळवारी दोन रिक्षा करून आम्ही माजिवड्याला गेलो. गाडी तयार होती. परत तीच माणसं, तोच जॅक, तेच ऊन.

आणि खोटं कशाला बोलू, गाडी बदलली होती. सिग्नलवरून सुटताना जो एक आळस असायचा तो गेला होता. पाय टेकवला की पुढे. बायपासचा चढ आला, मी सवयीने गिअरवर हात ठेवला, तर गॅविन मागून म्हणाला, "नको आंटी, तिसऱ्यावरच राहू दे." राहू दिला. गाडी चढत राहिली. डाव्या हाताचा कंटेनर मागे पडला. माझ्या आयुष्यात मी त्या चढावर कोणाला मागे टाकलं नव्हतं. मी पाय आणखी दाबला.

तेव्हा तो आवाज सुरू झाला. बारीक, कोरडा, भरभर. पाय दाबला की यायचा, उचलला की थांबायचा.

"ताई, कसलं गं तडतडतंय?" मंदाकिनी म्हणाली. "फोडणीत मोहरी टाकल्यासारखं?"

मी लिओनार्डकडे पाहिलं. तो डॅशबोर्डवर तळहात टेकून समोर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बघा प्रोफेसर बाय," तो म्हणाला, "कशी जाते. लोण्यासारखी. पोरानं काम केलंय."

मोहरी तडतडतच होती. मंदाकिनी म्हणाली, "मी काहीतरी विचारलं वाटतं." तिच्या आवाजाकडेही त्याने वळून पाहिलं नाही. मी आरशात पाहिलं. गॅविनच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. त्याने माझी नजर पाहिली, आणि लॅपटॉप हळूच मिटला.

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. गाडीतल्या चौघांपैकी तिघांना ऐकू आलं होतं.

तो आवाज म्हणजे नॉकिंग. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटायला लागतं तेव्हा येतो. थोडं झालं तर चालतं, रोज झालं तर पिस्टन खातं. रिकाम्या गाडीत, पहाटेच्या गारव्यात ते आलं नसतं. चार माणसं, व्हीलचेअर, एसी, ऊन आणि चढ, हे सगळं एकत्र आलं तेव्हाच आलं. लिओनार्डच्या पद्धतीनेच ते बाहेर काढलं होतं. फक्त लिओनार्डला ते ऐकू आलं नाही.

शीळफाट्याच्या वळणावर आम्ही पंचवीस मिनिटं अडकलो. मी तेहतीस वर्षं मुलांना ध्वनीचं प्रकरण शिकवलं. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, वर्गात ओरडायची सवय लागलेल्या माझ्यासारखीचा आवाज ऐकू येतो, घड्याळाची टिकटिक येत नाही. ज्याने चव्वेचाळीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये घण घातले त्याचे तर आधीच जाणार. परीक्षेत हा प्रश्न मी कितीतरी वेळा घातला असेल. आणि हा माणूस दोन वर्षं फोन उचलत नव्हता, काही विचारलं की "हां हां" म्हणत होता, चर्चच्या क्वायरमधलं गाणं त्याने गुडघे दुखतात म्हणून सोडलं होतं. गाणं काय गुडघ्यांनी म्हणतात? हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

परत आलो. मॅग्डलीनच्या ओट्यावर महिपत आणि शेवंती एकमेकांकडे पाठ करून सरबत पीत होते. लिओनार्डने बॉनेट उघडलं. अंगठ्याने ती काळी पट्टी पुसली, शर्टच्या खिशातून खडू काढला. गॅविन त्याच्या मागे उभा होता, हात पाठीमागे बांधून.

मी गप्प राहिले असते तर क्रूस निघाला असता. मुलगा घरी राहिला असता, शेड चालू राहिली असती, मॅग्डलीन रात्री नीट झोपली असती. नंतर मी गॅविनला बाजूला घेऊन काय ते नीट कर म्हणून सांगू शकले असते. हे सगळं मला त्या अर्ध्या मिनिटात सुचलं होतं. पण त्या क्रूसावर भरवसा ठेवून मी पस्तीस वर्षं माणसं गाडीत बसवली होती. तो खोटा आहे हे माहीत असताना तिथे उभं राहून कसं बघायचं?

"थांब लिओनार्ड," मी म्हटलं. "चढावर गाडी नॉकिंग करत होती. तुला ऐकू आलं नाही."

"काय?"

मी तेच परत म्हटलं, मोठ्याने. ओट्यावरची दोघं वळली.

"आंटी, प्लीज," गॅविन म्हणाला.

लिओनार्डने खडू खाली केला आणि मुलाकडे वळला. "तू ऐकलास?"

"हो."

"मग गाडीत बोलला का नाय?"

"तुम्ही क्रूस मारला असता तर मी संध्याकाळी घेऊन ठीक केली असती, पप्पा. रीमॅपची फाइल बाहेरच्या देशातली हाय. तिकडच्या पेट्रोलवर बनवलेली. आपल्या पंपावरच्या पेट्रोलला ताकद थोडी उतरवायला लागते. मी उतरवली असती. आंटीला कळलंपण नसतं."

"आणि मना?"

गॅविनने जमिनीवरचा एक पाना उचलून डब्यात टाकला.

"मना कवा सांगितला असता?"

"पप्पा, दोन वर्षं झाली," गॅविन म्हणाला. तो मुद्दाम मोठ्याने बोलत होता, जसं घरात बोलत असणार. "मागच्या वर्षी तुम्ही ती पांढरी जीप सोडलेली, तिचा बेअरिंग वाजत होता. मी परत आणलेली. रिक्षावाल्या डिसोजाची पण. प्रत्येक गाडी तुम्ही क्रूस मारल्यावर मी एक राउंड मारून येतो. पेट्रोल भरायला जातो बोलतो ना, तेव्हा."

लिओनार्ड टायरच्या चळतीवर बसला. खडू त्याने तळहातावर उलटापालटा केला.

"म्हंजे दोन वर्षं माझा क्रूस खोटा."

"खोटा नाय. मी बघितलेली ना सगळी."

"मग तुझा झाला तो. माझा कुठं?"

मॅग्डलीन दारात आली. मागाहून मला म्हणाली, "टीवी एवढा मोठा लावतो बाय, भिंतीपलीकडची बियांका आमच्याच सिरियली ऐकते." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं कोणाला, तर भौतिकशास्त्राच्या बाईंना.

लिओनार्ड उठला, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. गॅविनने मला विचारलं, "आंटी, थोडी उतरवून देऊ? वीसच्या जागी आठ-दहा टक्के राहील. आवाज नाय येणार."

"नऊ मिनिटांच्या चढासाठी आठ टक्के? आणि विमा कंपनीला हे कळवायचं असतं, ते तू मला सांगितलंस का? काढून टाक सगळं. होती तशी कर."

वीस मिनिटांत गाडी होती तशी झाली. पैसे त्याने आधी घेतले नव्हते, नंतरही मागितले नाहीत. क्रूस नसलेली गाडी मी त्या दिवशी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिथून बाहेर काढली. बायपासच्या चढावर दुसऱ्या गिअरवर आले तेव्हा मंदाकिनीनेसुद्धा काही विचारलं नाही. घरी येऊन मी जेवले नाही. बरोबर बोललं तरी माणसाला इतकं थकायला होतं, हे मला नवीन होतं.

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम उशिरा गेले. वाटलं होतं शेडला कुलूप असेल, किंवा गॅविन तुर्भ्याला गेला असेल. गॅविन एका गाडीखाली होता. लिओनार्ड स्टुलावर बसला होता, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"प्रोफेसर बाय, गाडी सोडा. शेवंतीबायला काट्यावर न्या, वजन वाढलाय का बघू."

"मरेन पण चढणार नाही," शेवंती म्हणाली.

परत फेरी झाली. मी, मंदाकिनी, पुढे लिओनार्ड, मागे गॅविन. ह्या वेळी लॅपटॉपशिवाय. लिओनार्डने क्लच बघितला, ब्रेक बघितले, स्टिअरिंगवर माझ्या हाताशेजारी दोन बोटं ठेवून थरथर बघितली. चढावर त्याने मागे न वळता विचारलं, "काय ऐकतोस?" गॅविन म्हणाला, "काय नाय. साफ हाय." एवढंच.

शेडमध्ये बॉनेट उघडलं. लिओनार्डने पट्टी पुसली आणि एक उभी रेघ मारली. मग खडू मुलासमोर धरला.

"आडवी तू मार."

"पप्पा, लोक हसतील."

"लोकांना काय कलतंय? उभी माझ्या हातापायांची. आडवी तुझ्या कानांची. दोन्ही असतील तरच गाडी जाईल. मार."

गॅविनने मारली. डावीकडे उतरती, वाकडी. लिओनार्डने ती बघितली, नाक मुरडलं आणि खाली तारीख घातली.

ह्याला आता सात महिने झाले. गॅविन तुर्भ्याला गेला नाही. रीमॅपसाठी त्याच्याकडे माणसं येतात, आणि तो त्यांना आधी ओझं भरून घेऊन या म्हणतो. निम्मी तिथूनच परत जातात. उरलेल्यांबरोबर बाप-लेक फेरी मारतात आणि लिओनार्ड त्यांना सांगतो की ही ताकद तुमच्या रस्त्यावर अमुक इतकी मिनिटं लागेल, बाकीचा वेळ तुम्ही ब्रेकवर आहात. वीस-बावीस जणांतल्या पाचांचंच काम झालं. त्यातला एक आंबिवलीचा संदेश म्हणून आहे, त्याची डिझेल गाडी दर पंधरा दिवसांनी सहा माणसं घेऊन साताऱ्याकडचे घाट चढते. त्याच्या गाडीला सौम्य ट्यूनिंग करून दोन्ही रेघा मिळाल्या, आणि तो खूश आहे. घोडबंदर रोडवर मित्रांना मागे टाकायला आलेल्याला लिओनार्डने पाणी पाजून परत पाठवलं. गॅविन कुरकुरतो. ह्या हिशेबाने म्हातारपणी लॅपटॉप विकावा लागेल, म्हणतो. पण म्हातारपण इथेच काढायचं, हे तो धरून चाललेला दिसतो.

कानाचं यंत्र आणलं होतं. शिट्ट्या मारतं म्हणून लिओनार्डने ते पान्यांच्या डब्यात ठेवून दिलं. क्वायरमध्ये तो परत गेला नाही. हल्ली दुपारी काम नसलं तर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागतो आणि गॅविन त्याला उठवत नाही. स्क्रू ड्रायव्हर मात्र अजून खिळ्याला लटकलेला असतो. तो गॅविनही वापरत नाही.

माझी गाडी आहे तशीच आहे. एसी बंद केला की चढ थोडा सोपा जातो, म्हणून पायथ्याशी मी तो बंद करते आणि चौघं नऊ मिनिटं घामाने भिजतो. कंटेनर मागे टाकला होता तो एकच दिवस. त्याची आठवण येते, नाही म्हणणार नाही. मागचा हॉर्न मारतो, मंदाकिनी विचारते, "बंद पडली का गं?"

"नाही," मी म्हणते, आणि दुसरा टाकते.